रामप्रसादभाऊ नाटक सुचवायचे

सोनपेठला नाटकं वाचणारा माणूस कोण, असं परक्यानं विचारलं तर लोक माझ्या दुकानाकडे बोट दाखवतात. माझं झेरॉक्सचं दुकान वाचनालयाच्या बरोबर खाली आहे आणि गेली कित्येक वर्षं नाटकांच्या प्रती माझ्याच मशीनमधून निघाल्या आहेत. पण मी बघायचो ते कागद सरळ लागलाय की नाही, एवढंच. नाटकं वाचायचे ते वर बसणारे रामप्रसादभाऊ. वाचायचे आणि पोरापोरींना सुचवायचे. त्यांचीच गोष्ट सांगतो, कारण गावात ती हसत हसत सांगितली जाते आणि त्याचा मला राग येतो.

वाचनालय म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरचा एक अरुंद जिना, वर दोन खोल्या आणि मागे एक लांबट हॉल. भाऊ तिथले ग्रंथपाल. उंच, किडकिडीत, पन्नाशीला टेकलेले, बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. पेपर वाचायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींशी ते कामापुरतं बोलायचे. कादंबरी मागणाऱ्याला 'त्या कपाटात बघा' म्हणून मोकळे व्हायचे. पण कॉलेजातलं एखादं पोरगं दारात घुटमळलं आणि 'सर, गॅदरिंगला नाटक बसवायचंय, एखादं सुचवा की' म्हणालं, की भाऊ खुर्ची सोडून उठायचे.

दुसरा कुणी असता तर पात्रं किती, मुली किती, वेळ किती, हे विचारलं असतं. भाऊ विचारायचे, "घरी सध्या कुणासंगं बिनसलंय तुझं?" नाहीतर, "तुला काय व्हायचंय, आन् घरचे काय मनत्यात?" पोरगं गांगरून जायचं. नाटकाला आलोय की पोलीस ठाण्यात, असं त्याला वाटायचं. मी एकदा वर चहा घेऊन गेलो तर एक धिप्पाड गडी भाऊंसमोर बसून डोळे पुसत होता आणि भाऊ शांतपणे कपाटातून त्याच्यासाठी पुस्तक शोधत होते. मी त्यांना नाटकाचे वैदू म्हणायचो. ते हसायचे, पण त्यांना ते आवडायचं.

लुगडं नेसलेला बाप्या आणि बहिरा नोकर असली नाटकं त्यांनी कपाटाबाहेर काढली होती. "त्याच्यावर तुमच्या आज्यानं हसून घेतलंय. तुमी तुमचं बगा," म्हणायचे. त्यांच्याकडे असायची ती अलीकडची नाटकं. एक होतं पुण्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचं. खोलीतल्या दोस्तांशी तो एक भाषा बोलतो, फोनवर आईशी दुसरी. शेवटी आई न कळवता खोलीवर येते, दाराबाहेरून त्याचा आवाज ऐकते आणि ही खोली आपल्या लेकाची नाही असं समजून परत जाते. दुसरं तीन बहिणींचं. तिघींत मिळून एकच मोबाइल. थोरलीला त्यावरून कुणाला तरी मनातलं लिहायचंय, मधलीला नोकरी शोधायचीय आणि धाकटीला नुसते स्वतःचे फोटो काढून आपण कशा दिसतो ते बघायचंय. आणखी एक होतं ज्याला मुली आवडत नाहीत अशा मुलाचं. ही गोष्ट तो घरात फक्त म्हशीला सांगतो. ते नाटक भाऊ फार थोड्यांना द्यायचे, आणि देताना जिन्याच्या तळापर्यंत सोडायला यायचे. "बसवलं न्हाई तरी चालतंय. वाचून आणून दे," म्हणायचे.

त्यांचं नाव बाहेरही पोचलं होतं. पार ताडकळसहून एक मास्तर मोटारसायकलवर आला होता. झरीच्या मुली फोन करून विचारायच्या आणि भाऊ अर्धा अर्धा तास बोलत राहायचे. घरी चार वाक्यं न बोलणारा हा माणूस.

हा नाद त्यांना लागला औरंगाबादला शिकत असताना. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. तिथं त्यांनी एक नाटक पाहिलं. त्यात एक मुलगा बापाला 'मला हे नको' एवढंच म्हणतो. भाऊ सांगायचे, "सिधू, मी खुर्चीत घामाघूम झालो. असं मनता येतं हेच मला ठाऊक नव्हतं." पुढच्या वर्षी त्यांना नाट्यशास्त्राला प्रवेश मिळाला, आणि वडिलांचा, चंद्रभानकाकांचा निरोप आला की शेताकडे बघायला कुणी नाही, निघून ये. भाऊ निघून आले. नाटकातलं ते वाक्य ओठांवर आलं होतं, पण ते म्हणाले नाहीत. लग्नाचंही पुढे ढकलत ढकलत राहून गेलं. म्हणून मग दुसऱ्यांच्या लेकरांना ते वाक्य शिकवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं असावं. "आपल्याकडं पोरांना समदं शिकवत्यात. पेरायचं कवा, कुणाच्या पाया पडायचं. पर स्वतःचं मन कसं वळखायचं ते कुणी सांगत न्हाई," हे मी त्यांच्या तोंडून इतकेदा ऐकलंय की कंटाळलो होतो.

गेल्या साली भादव्यात वैष्णवी जिना चढून वर आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, सोनपेठजवळच्या एका वाडीची, पहिल्या वर्षापासून भाऊंकडून पुस्तकं नेणारी. आईवडील, छबूबाई आणि परमेश्वर, दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारे. लहानपणी वैष्णवीही त्यांच्यासोबत उसाच्या फडात हिंडली होती. पुढे आजी, तानुबाई, नातीला घेऊन गावात राहिली म्हणून पोरीची शाळा टिकली. ती आजी त्याच उन्हाळ्यात वारली होती. मुलगी अंगानं बारीक, पण आवाज असा की माझं मशीन चालू असतानाही वरचा शब्द न् शब्द मला खाली ऐकू यायचा.

तिला विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरायचं होतं. तिथं नाट्यशास्त्राचे प्राध्यापक परीक्षक म्हणून येतात, त्यांच्या डोळ्यांत भरलीस तर पुढं शिकायची वाट सापडेल, हे तिला भाऊंनीच सांगितलं होतं. पोरीनं ते फार मनावर घेतलं. बी.ए. झालं की नाटक शिकायला जायचं. घरी अजून बोलली नव्हती.

"घरचे काय मनतील?" भाऊंनी विचारलं.

"ऊस तोडून आल्यावर इचारीन, सर. तवा दमलेले असत्यात, हो मनत्यात."

भाऊ खूष झाले आणि त्यांनी तिला 'थांब्याचं' नाटक दिलं. त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण आम्ही सगळे थांब्याचंच म्हणायचो. दोनच पात्रं. एक मुलगा आणि एक मुलगी एसटीच्या थांब्यावर बसलेत. घर सोडून पळून जायचं ठरवून आलेत. गाडीला उशीर आहे. बोलता बोलता मुलीच्या लक्षात येतं की आपलं ह्याच्यावर प्रेम आहे, अगदी खरं आहे, पण आपण अजून कुणीच झालेलो नाही. शेवटी ती त्याला तिथंच ठेवून एकटी दुसऱ्या गाडीत चढते आणि शिकायला निघून जाते. वैष्णवीनं ते माझ्या दुकानासमोरच्या पायरीवर बसून वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "काका, हे माझंच हाय."

आता मुलगा कोण घ्यायचा? नाटकात दोघं एकमेकांचा हात धरतात. कॉलेजात एक चांगला नट होता, पण तो दुसऱ्या समाजाचा. भाऊ दोन दिवस विचारात होते. शेवटी त्यांनी भागवतला घेतलं. वैष्णवीच्याच समाजाचा, शेजारच्या गावचा, आबासाहेबांचा मुलगा. कॉलेज सांभाळून पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायचा.

मी म्हटलं, "भाऊ, तुमीबी आता आडनाव इचारून पात्र निवडायलाव?" मी हे बोलायलाच हवं होतं. आडनाव विचारलं की काय होतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

"पोरीला जपायचंय रे," भाऊ म्हणाले. "हिनं दुसऱ्या समाजाच्या पोराचा हात धरला तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद होईल तिचं. एका समाजातली दोघं असली की कुणाला बोलायला जागा राहत न्हाई."

यात त्यांचं कुठं चुकलं, ते आमच्या भागातली कुठलीही शाळेची बाई सांगेल. गॅदरिंगला जोडीचा नाच बसवायचा असला की बाया एकाच भावकीतली मुलं घेतात, एका आडनावाची. म्हणजे ती बहीणभाऊ ठरतात आणि विषय संपतो. भाऊंनी समाज एक बघितला आणि आडनाव वेगळं घेतलं. दगड पडू नयेत म्हणून त्यांनी नेमकी लग्नाला चालेल अशी जोडी निवडली, आणि हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आयुष्यभर लग्नाचा विचारच टाळलेल्या माणसाला ते सुचणार तरी कसं?

तालमी दुपारी हॉलमध्ये चालायच्या. भागवत आधी प्रत्येक वाक्य सलाम ठोकल्यासारखं बोलायचा. भाऊ त्याला सांगून सांगून बेजार झाले. "तिच्याकडं बग. नुसतं बगू नको. ती जाणार हाय हे तुला कळलंय, आन् तू तिला अडवणार न्हाईस, असं बग." वैष्णवीनंच शेवटी त्याला ते शिकवलं. एका दुपारी मी प्रती द्यायला वर गेलो आणि दारातच थबकलो. दोघं एकमेकांकडे अशी बघत होती की आत पाय टाकायला मला संकोच वाटला. तेवढ्यात भागवत म्हणाला, "आता जमलं का गं?" दोघं हसली आणि भेळेच्या पुडीवर तुटून पडली. त्यांच्यात दोस्ती होती. दोस्तीच्या पलीकडे काही नव्हतं, हे मी जवळून पाहिलंय.

भाऊंचा एक रिवाज होता. नाटक बाहेरगावी न्यायच्या आधी पहिला प्रयोग गावात करायचा आणि आईबापांना पुढच्या रांगेत बसवायचं. "त्यांनी डोळ्यांनी बगितलं की मग पोरगी कुठंबी गेली तरी त्यांना फिकीर राहत न्हाई." दोन्ही घरी ते स्वतः आमंत्रण द्यायला गेले. ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघायच्या होत्या, माणसं गावात होती. नवरात्रात, संध्याकाळची आरती झाल्यावर, मंडळाच्या स्टेजवर थांब्याचं नाटक झालं.

दोन खुर्च्या आणि एक पाटी, एवढंच सामान. पहिली पाच मिनिटं पोरांनी शिट्ट्या मारल्या, मग सगळं चिडीचूप झालं. वैष्णवी त्या दिवशी जे करत होती ते मी सांगू शकत नाही. 'तू मला पाहिजेस. पण तुझ्याआधी मला मी पाहिजे, आणि ती मला अजून भेटली नाही,' असं म्हणताना तिच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. भागवतनं तिचा हात धरला आणि सोडला. ती स्टेजवरून खाली उतरून गर्दीतून चालत निघाली तेव्हा बायकांतून कुणीतरी ओरडलं, "आगं थांब की माय!" थोडं हसू झालं आणि पुन्हा सगळे गप्प. छबूबाई पदर तोंडात धरून हुंदके देत होत्या. भाऊ विंगेत उभे होते. मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परमेश्वर आणि आबासाहेब, दोघे बाप, जिना चढून वर गेले. हातात नारळ, टॉवेल, टोपी. भाऊंचा सत्कार आहे म्हणून मीही शटर अर्धं ओढून मागोमाग गेलो. आबासाहेबांनी भाऊंच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला.

"सर, तुमचे उपकार कसे फेडावं?" परमेश्वर म्हणाला. "सोयरीक जुळली. तुमीच मधले."

"कुणाची सोयरीक?" भाऊंचं हसू अजून तसंच होतं.

"कुणाची मंजी? वैष्णवीची आन् भागवतची. दसरा तोंडावर हाय, मुहूर्त बगायचं काम न्हाई. टोळी निघायच्या आत उरकून घेऊ."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम नाखुशीनंच घेतो. आबासाहेबांचं घरही ऊसतोडीचंच, आणि त्या वर्षी तिथं भागवत अर्धा होता. हे त्यांनी लपवलं नाही, पण ते कारण म्हणूनही सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीनं कारण वेगळंच होतं.

भाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "आवो, ते नाटक होतं. आन् नाटकात ती त्याला सोडून जाती. शेवट बगितला न्हाई का तुमी?"

"बगितला की!" परमेश्वर म्हणाला. "म्हणून तर आलाव. आमच्या घरात रातभर कुणाचा डोळ्याला डोळा न्हाई. लेकरं अशी एकमेकाला सोडून कामून जावीत, सर? आमी काय कसाई हाव? समाज एक, आडनाव येगळं, गाव जवळ. दुसऱ्याचे बाप काठ्या घेऊन मागं लागत्यात. आमी न्हाई तसले."

त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. तो खरंच बोलत होता. लेकीच्या प्रेमाच्या आड न येणारा बाप आपण आहोत, हे त्याला रात्रीतून कळलं होतं आणि त्यात तो सुखावला होता. भाऊ बराच वेळ समजावत राहिले, पण ते दोघं नुसते मान डोलवत होते. सरांना लाजल्यासारखं झालंय, असंच त्यांना वाटलं असावं.

दुपारी वैष्णवी आली. चेहरा कोरडा होता. भाऊंच्या समोर उभी राहून म्हणाली, "सर, मी घरी मनले, ती ॲक्टिंग होती. आई मनती, खोटं खोटं एवढं रडता येतं का? बाप मनतो, लाजू नको, आमी रागावलो न्हाई. रागावले असते तर बरं झालं असतं सर. मला भांडता आलं असतं."

शिकायला जायचंय ते सांगितलंस का, असं भाऊंनी विचारलं.

"नाटक शिकायला जायचंय, हेबी सांगितलं," ती म्हणाली. "तर आई मनली, शिकायचं काय राहिलंय, समदं तर येतंय तुला." मग कपाटाकडे बघत, "सर, ह्याच्यावर एखादं नाटक सुचवा ना."

ती टोमणा मारत नव्हती, खरंच मागत होती. आजवर तिला जे कळलं नाही ते ह्याच कपाटातून मिळालं होतं. भाऊंनी कपाट उघडलं आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांनी एक पुस्तक काढलं, ठेवलं, दुसरं काढलं. बापाशी भांडणाऱ्या मुलींची नाटकं तिथं पुष्कळ होती. इतक्या मायेनं वाट बंद करणाऱ्या आईबापांचं एकही नव्हतं. वैष्णवी वाट बघून निघून गेली तरी भाऊ कपाटाकडेच तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही वाडीवर गेलो. छबूबाईंनी खाट टाकली, चहा केला. वैष्णवी आत होती, दिसली नाही. भाऊंनी बाजू चांगली मांडली. म्हणाले, पोरीला अजून शिकायचंय, तिच्यात गुण आहे, निदान एक वर्ष थांबा. तोंडातून एकदाही वाईट शब्द न काढता छबूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "सर, आमची म्हातारी गेली. आता आमी सहा महिने तिकडं, आन् हिला कुणाच्या भरोशावर ठिवू? तुमाला ठाऊक हाय, एकल्या पोरीच्या घराकडं गाव कसं बगतंय. सोबत न्यावं तर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तरणी पोर घेऊन मला झोप लागती का? लग्न तर करायचंच होतं. देवानं तिच्या मनातलाच दाखवला. तोबी तुमच्या हातानं. मी रोज देवीला तुमचं नाव घेऊन दिवा लावायले."

वैष्णवीची आमच्या घरी राहायची सोय करतो, असं मी म्हणून बघितलं. छबूबाई नुसत्या हसल्या. मी कुठल्या वस्तीत राहतो हे त्यांना ठाऊक होतं.

परत येताना भागवत रस्त्यात भेटला. भाऊ त्याच्यावर उखडले. "तू तरी न्हाई मनायचं होतंस!"

त्यानं खाली बघतच सांगितलं, "मनलो असतो, सर. पर मी न्हाई मनलो तर ह्याच दसऱ्याला तिच्यासाठी दुसरा कुणी बगितला असता. ती वळखत नसलेला. मग मीच गप बसलो." पोलीस भरतीचं काय, असं मी विचारलं. पुढच्या वर्षी बघतो म्हणाला. तो पोरगा वाईट नव्हता. सगळ्या गोष्टीत वाईट असं कुणी नव्हतंच, म्हणून तर शिव्या कुणाला द्याव्यात हे मला आजही कळत नाही.

दसऱ्याला लग्न लागलं. भाऊ जाणार नव्हते, पण दोन्हीकडची माणसं न्यायला आली. फेटा बांधून त्यांना व्याह्यांच्या रांगेत बसवलं. माइकवाल्यानं त्यांचं नाव घेऊन 'या सोयरिकीचे शिल्पकार' म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा बायका एकमेकींना कोपरखळ्या मारून म्हणत होत्या, आता बगा, नाटकातल्यावाणी बगतील. वैष्णवीनं मान वर केली नाही. भाऊ जेवले नाहीत. त्याच आठवड्यात टोळी निघाली. युवक महोत्सव नंतर झाला, आमच्या गावातून कुणी गेलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर भाऊ कदाचित सावरले असते. पण दिवाळीनंतर एक दिवस सुलाबाई वर आली. तिची राणी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "सर, औंदा आमच्या राणीलाबी घ्या की नाटकात. त्या खालच्या आळीच्या पोरासंगं. पोरगं चांगलं हाय, आडनावबी येगळं हाय." तिच्यानंतर आणखी दोघी आल्या. गावात हसत हसत सांगतात ती गोष्ट हीच. सोनपेठला नाटक सुचवणाऱ्या सरांनी लग्न जुळवायचं दुकान काढलं म्हणे. भाऊंनी नाटकाचं कपाट भिंतीकडे तोंड करून फिरवलं. पोरं आली की म्हणायचे, "नाटकं न्हाईत. कादंबऱ्या बगा." विचारपूस बंद, प्रश्न बंद. झरीच्या मुलींचे फोन वाजत राहायचे. मी ओरडलो, भांडलो, एक दिवस कपाट ओढून सरळही केलं. दुसऱ्या दिवशी ते परत भिंतीकडे होतं.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. वैष्णवी एका दुपारी वाचनालयात आली. मी वरच होतो. उन्हानं रापलेली, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, पण बोलताना आवाज तोच. परीक्षा बुडाली होती. पुढच्या वर्षी देणार का, असं भाऊंनी विचारलं. ती म्हणाली, "बगू." भागवत बरा वागतो, हेही तिनं न विचारता सांगितलं. भाऊ पुन्हा पुन्हा टेबलावरचे पेपर सारखे करत होते. त्यांना माफी मागायची होती हे मला दिसत होतं, आणि तिला ती नको होती हेही दिसत होतं.

मग तीच म्हणाली, "सर, नाटक मी सोडलं न्हाई बरं का. सांजच्याला कोप्यांपुढं बाया जमत्यात. मनत्यात, ते थांब्याचं कर. भागवत दमलेला असतो, म्हणून दोघांचंबी मीच बोलते. समद्या जणी रडत्यात."

भाऊंचा चेहरा एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा उजळला. ते पुढे झुकले. "आन् शेवटचं? गाडीत चढतानाचं ते वाक्य? ते जमतंय का तिथं?"

"शेवट बदललाय, सर," वैष्णवी म्हणाली. "ती निघून गेली की बायांना करमत न्हाई. दुसऱ्या दिवशी फडात तेच बोलत बसत्यात. म्हणून आता गाडी येती, आन् मी जात न्हाई."

भाऊ खुर्ची सोडून उठले. मग त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि मला चहा आणायला पाठवलं.